'ही' म्हणजे कोण?

भारतीय दंड संहितेचं आठवं कलम फार थोड्यांनी वाचलं असेल. तीनशे दोन आणि चारशे वीस हे आकडे थेट बोलीभाषेत शिरले. आठवं कलम तसंच पडून राहिलं, कारण त्यात ना गुन्हा होता ना शिक्षा. या कायद्यात 'ही' हे इंग्रजी सर्वनाम आणि त्याची रूपं आली की ती पुरुष आणि स्त्री दोघांना लागू धरावीत, एवढंच ते सांगायचं. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने संहितेचा मसुदा १८३७ मध्ये दिला, कायदा १८६० मध्ये झाला. १ जुलै २०२४ रोजी तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा हे वाक्य उठून व्याख्यांच्या कलमात गेलं आणि पुरुष-स्त्रीच्या जोडीला तृतीयपंथी व्यक्तीही आली. तरी सर्वनाम तेच राहिलं, 'ही'. मराठी कानाला 'ही' म्हणजे बाई वाटते, तो भाग वेगळा.

एका चिमुकल्या शब्दाने कोणाकडे बोट दाखवायचं, हे सांगायला जिथे कायद्याला कलम लिहावं लागतं, तिथे तो शब्द वरवर दिसतो तितका साधा नसतो. आपल्या शाळांमध्ये मात्र इंग्रजीचं सर्वनाम एका तक्त्यात उरकतं. आय-माय, वी-अवर, यू-युअर, ही-हिज, शी-हर. पाढ्यासारखं म्हणून घ्यायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. तक्त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाठांतराशिवाय भाषा येत नाही. तक्रार आहे ती तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या व्याख्येबद्दल: नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम.

ही व्याख्या निम्म्या सर्वनामांनाही लागू पडत नाही. 'मी' हा कोणत्या नामाऐवजी येतो? सुरेश नावाचा माणूस 'मी उद्या येतो' याऐवजी 'सुरेश उद्या येतो' म्हणू लागला, तर ऐकणारा विचारील, कोण सुरेश? 'तू'चंही तसंच. आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'ह्यांना विचारून सांगते', 'हे अजून आले नाहीत' असं सगळा जन्म बोलत. त्या 'हे'च्या आधी नाम कधी उच्चारलंच जात नव्हतं. नाम टाळण्यासाठीच तर तो शब्द होता. तरी घरात, वाड्यात, भाजीवाल्याजवळ कोणाचाही घोटाळा होत नसे. कारण सर्वनाम नामाची जागा भरायला येत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, ज्याच्याविषयी चाललंय तो त्यांच्यापासून किती लांब आणि किती मोठा, हे ते दाखवतं. म्हणजे सर्वनामाच्या प्रत्येक नियमात कोण आत आणि कोण बाहेर याचा निवाडा दडलेला असतो. हे एकदा ध्यानात घेतलं की इंग्रजी सर्वनामांच्या चुकाही नीट कळतात आणि त्यांच्यावरून आज चाललेली भांडणंही.

आधी चुका. मराठी क्रियापद बोलकं असतं. 'येतोस का?' म्हटलं की कोणाला विचारलं, एकाला की अनेकांना, पुरुषाला की बाईला, सगळं क्रियापदातच आलं. 'तू' नाही म्हटलं तरी चालतं. इंग्रजी क्रियापद जवळजवळ मुकं झालेलं आहे. त्याच्या शेवटाची जुनी रूपं झिजून गेली, म्हणून कर्त्याची जागा रिकामी ठेवायची सोय तिथे उरली नाही. करणारा कोणीच नसला तरी खुर्चीवर कोणीतरी बसवावं लागतं. पाऊस पडतोय, पाच वाजलेत, उकडतंय: या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत 'इट' लागतो. हा 'इट' कोणाचंही नाव झाकत नाही. विद्यार्थ्याला व्याख्या पाठ असते, म्हणून तो 'इट'च्या मागे लपलेलं नाम शोधत बसतो, आणि ते न सापडल्याने कधी 'इट' गाळतो, कधी उगाच घुसडतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचंच तोंड वापरतो. 'रमेश म्हणाला, की मी उद्या येतो' यातला 'मी' रमेश आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की येणारा रमेश राहत नाही, सांगणाराच येतो म्हणून ठरतो. कारण इंग्रजीत 'दॅट'च्या पलीकडे गेल्यावरही सगळी सर्वनामं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजतात. क्लासमध्ये यावर 'एस-ओ-एन' नावाची किल्ली मिळते: पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे बदला, दुसरा कर्माप्रमाणे, तिसऱ्याला हात लावू नका. किल्ली चालते, मार्क मिळतात. पण का बदलायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून परीक्षा संपली की तोच मुलगा कचेरीतल्या ईमेलमध्ये साहेबाचं बोलणं स्वतःच्या तोंडी घालून मोकळा होतो.

उलट बाजूने इंग्रजीही आपल्यापुढे लंगडी पडते. 'रमेशने सुरेशला आपली गाडी दिली' म्हणजे रमेशची. 'त्याची गाडी दिली' म्हणजे सुरेशची, नाही तर तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीत दोन्हींना एकच 'हिज'. गाडी कोणाची हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ताडायचं. 'वी'चीही तीच गत. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला जाऊ' या दोन वाक्यांत ताटाला ताट लागण्याचा फरक आहे. इंग्रजीत कंपनीचा मोठा साहेब 'वी हॅव डिसायडेड' लिहितो, तेव्हा त्या 'वी'मध्ये वाचणारा आहे की नाही, हे पगारवाढीच्या दिवशीच समजतं.

'मायसेल्फ सुरेश पाटील' या वाक्याला सगळे हसतात, त्याबद्दलही बोलायला हवं. वाक्य चूक आहे, कारण 'सेल्फ'वाल्या रूपांना त्याच वाक्यात आधी टेकायला कर्ता लागतो आणि इथे तो नाही. पण हसणाऱ्यांपैकी कित्येक जण 'बिट्वीन यू अँड आय' असं ऐटीत म्हणतात. तेही चूकच आहे, फक्त ती शिकलेल्यांची चूक आहे, म्हणून तिला कोणी हसत नाही. सर्वनामाच्या चुका मोजतानाही माणसाचं वजन बघितलं जातं, हे इथूनच दिसू लागतं.

कायद्याच्या त्या 'ही'कडे परत येऊ. पुल्लिंगी सर्वनामात स्त्री आपोआप येते, हा नियम इंग्रजीच्या रक्तात असल्यासारखा सांगितला जातो. तसा तो नाही. तो अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पुस्तकात आणून बसवला. ॲन फिशर नावाच्या शिक्षिकेच्या १७४५ च्या सुमाराच्या व्याकरणात तो सापडतो, म्हणजे नियम लिहून ठेवणाऱ्यांत एक बाईच आघाडीवर होती; इतिहास असा थट्टेखोर असतो. पुढे लिंडले मरेचं १७९५ चं व्याकरण घरोघरी गेलं आणि 'एव्हरीवन'नंतर 'देअर' लिहिणं ही चूक ठरली. १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तर कायदाच केला. कायद्यांची भाषा आखूड करणं हा त्याचा जाहीर हेतू होता: दर वेळी 'ही ऑर शी' लिहायला नको, 'ही'मध्येच सगळे आले असं समजा.

समजायला हरकत नव्हती, सगळे खरोखरच आले असते तर. १८६७ च्या सुधारणा कायद्याने मतदानाचा हक्क वाढवला, तो पुरुषवाचक शब्दांत. मँचेस्टरच्या पाच हजारांहून जास्त बायकांनी १८५० च्या कायद्यावर बोट ठेवून मतदार यादीत नावं मागितली. १८६८ मध्ये 'चोर्ल्टन विरुद्ध लिंग्ज' खटल्यात न्यायालयाने सांगितलं की इथे पुल्लिंगात स्त्री येत नाही. कर भरताना ती त्याच पुल्लिंगात येत होती, तुरुंगात जाताना येत होती, मतपेटीजवळ पोचली की गळून पडत होती.

अमेरिकेत सुझन अँथनीने या दुटप्पीपणाचा मुद्दाच केला. १८७२ मध्ये रॉचेस्टर इथे तिने मत दिलं म्हणून तिला अटक झाली. खटल्याआधी गावोगाव फिरून तिने भाषणं केली, त्यातला युक्तिवाद वकिलालाही शोभावा असा होता. कायद्यात 'ही' आणि 'हिज' आहे म्हणून बायकांना मत नाही म्हणता? मग कराच्या आणि शिक्षेच्या कायद्यांतही 'शी' आणि 'हर' कुठेच नाही, तेव्हा आमच्याकडून कर घेऊ नका आणि आम्हाला शिक्षाही करू नका. आरोपाच्या छापील नमुन्यात पुल्लिंगी सर्वनामंच होती आणि कारकुनाला 'ही'ला एक अक्षर वर जोडून 'शी' करावं लागलं, हेही तिने लोकांसमोर मांडलं. तिला शंभर डॉलर दंड झाला. तो तिने शेवटपर्यंत भरला नाही.

ही लांबची गोष्ट वाटत असेल तर कॉर्नेलिया सोराबजी आठवाव्यात. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, मग ऑक्सफर्ड. तिथली कायद्याची पदवी-परीक्षा १८९२ मध्ये देणारी ही पहिली स्त्री. प्रत्यक्ष पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण विद्यापीठ १९२० पर्यंत बायकांना पदव्याच देत नव्हतं. इकडे हिंदुस्थानात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमाने पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावं असं स्वच्छ सांगितलं होतं. त्याच कलमाच्या आधारावर रेजिना गुहा यांनी १९१६ मध्ये कलकत्त्यात वकिलीची सनद मागितली. उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती नाकारली. संदर्भाला विसंगत नसेल तरच पुल्लिंगात स्त्री धरायची, अशी पळवाट कलमातच होती, आणि वकिलीचा धंदा हाच तो विसंगत संदर्भ ठरला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांना नकार मिळाला. त्याच वर्षी अलाहाबादने सोराबजींना मात्र सनद दिली. अखेर १९२३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा कायदा करावा लागला. 'ही'मध्ये त्या आधीपासून होत्याच, तर हा कायदा कशाला लागला?

म्हणून 'ही'मध्ये सगळे आले हा निव्वळ व्याकरणाचा नियम आहे, असं कोणी सांगितलं की मला ते पटत नाही. संविधानाच्या छप्पन्नाव्या अनुच्छेदात राष्ट्रपती 'हिज ऑफिस' धारण करतो. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये त्याच शब्दांखाली राष्ट्रपती झाल्या आणि काही अडलं नाही, हे खरं. पण अडलं नाही, कारण तोवर अडवणारे थकले होते. त्याचं श्रेय सर्वनामाला देता येत नाही.

मग पर्याय काय? 'ही ऑर शी' एका वाक्यात ठीक, पानभर आलं की वाचणाऱ्याला ठेच लागत राहते. नवा शब्द घडवायचे प्रयत्नही पुष्कळ झाले. कन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकिलाने एकोणिसाव्या शतकात 'थॉन' काढला; तो १९३४ च्या वेब्स्टर कोशात शिरला आणि १९६१ च्या आवृत्तीतून गेला. बोलणाऱ्यांनी घेतलाच नाही. बोलणाऱ्यांजवळ 'दे' आधीपासून होता.

एका माणसासाठी 'दे' हे आजच्या कॉलेजातलं फॅड आहे, असं इंग्रजीचे आपले जुने शिक्षक म्हणतात. १३७५ च्या सुमारास ते लिखित इंग्रजीत सापडतं. शेक्सपियरने वापरलंय, जेन ऑस्टिनने तर सढळ हाताने. 'समबडी'ने 'देअर' छत्री विसरली असं इंग्रज माणूस सहज बोलतो, आणि व्याकरणाच्या तासाला तेच वाक्य खोडतो. खुद्द 'दे' तरी कुठे अस्सल? जुन्या इंग्रजीत 'तो', 'ती' आणि 'ते' यांची रूपं उच्चारात एकमेकांना इतकी जवळ आली होती की ओळखणं कठीण व्हावं. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या डेन लोकांच्या भाषेतून मग अनेकवचनाचं हे रूप घेतलं गेलं. भाषा नामं उसनी घेतात, क्रियापदं घेतात. सर्वनाम सहसा घेत नाहीत. इंग्रजीने अडचण पडली तेव्हा तेही केलं.

एकाला अनेकवचन कसं लावायचं, हा आक्षेपही नवा नाही. तो 'यू'वर आधी घेऊन झाला आहे. 'दाऊ' म्हणजे एकटा आणि 'यू' म्हणजे अनेक अशी वाटणी होती. पुढे मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'यू' म्हणायची रीत पडली, जशी आपली 'तुम्ही'ची. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनी यावर दंड थोपटले. देवापुढे सगळे सारखे; एकट्या माणसाला अनेकवचन लावणं हे खोटंही आहे आणि अशुद्धही, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशालाही ते 'दाऊ' म्हणत, त्यापायी मार खात. १६६० मध्ये फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी एक अख्खं पुस्तक काढून अनेक भाषांचे दाखले दिले, की एकाला एकवचन हाच जगाचा कायदा आहे. व्याकरण त्यांच्या बाजूने होतं. तरी ते हरले, आणि आज कट्टर शुद्धिवादीही एकट्या माणसाला 'यू आर' म्हणताना अडखळत नाही. 'दे आर'ला हरकत घेणाऱ्याने आधी या 'यू आर'चा हिशेब द्यावा.

मराठी माणसाने तर 'दे'ला नाक मुरडणं मला फारच विनोदी वाटतं. 'बाबा आले, ते दमलेत' हे वाक्य आपण दिवसातून दहादा बोलतो. बाबा एकच असतात. दुसरं म्हणजे पुल्लिंगात सगळे आले ही सवय आपल्या बोलीची नाहीच. दोन पुरुष असले तर ते दोघे, दोन बायका असल्या तर त्या दोघी, आणि एक पुरुष एक बाई असली तर ती दोघं. मिश्र जोडप्यासाठी मराठीने नपुंसकलिंग राखून ठेवलंय, पुरुषाच्या पदराखाली बाईला ढकललेलं नाही. दारावर थाप पडली की आपण 'कोण आलाय' विचारत नाही, 'कोण आलंय' विचारतो. आलेला तो की ती हे कळेपर्यंत भाषा थांबते. विद्यार्थ्यांना 'आपलं ओळखपत्र सोबत आणा' म्हणताना 'आपलं'मध्ये ओळखपत्राचं लिंग कळतं, माणसाचं कळत नाही. इंग्रजीला जे चारशे पानी शैलीग्रंथांतून शिकावं लागतंय, ते कोकणातल्या आजीला न शिकता येतं. तरी आमचा मास्तर रेन अँड मार्टिनच्या व्याकरण-पुस्तकाच्या पठडीत 'एव्हरीवन'पुढे 'हिज' लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तकाने २०१९ च्या आवृत्तीत एकवचनी 'दे' मान्य केला, मेरियम-वेब्स्टरने त्याच वर्षी त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांपर्यंत हे यायला हवं.

'दे'चा वकील झालो म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. 'मॅनेजरने टीमला सांगितलं की 'दे' उशिरा येतील' असं कोणी इंग्रजीत लिहिलं, तर उशीर मॅनेजरला होणार की टीमला? इथे हटवाद कामाचा नाही; नाम परत लिहावं, नाही तर वाक्य फिरवून घ्यावं. बहुतेक वेळा सगळा मजकूर अनेकवचनात नेला की तिढाच सुटतो: 'प्रत्येक अर्जदाराने' याऐवजी 'अर्जदारांनी'. आणि ज्या माणसाने मला 'ही' म्हणा किंवा 'शी' म्हणा असं सांगितलंय, त्यालाही भिडेखातर 'दे' लावत सुटणं हा नवा उद्धटपणा आहे.

खरी गंमत होते ती 'दे' मराठीत आणताना. एखादी व्यक्ती स्वतःला पुरुषही म्हणवत नाही आणि स्त्रीही, इंग्रजीत 'दे' लावते. तिच्याविषयीची बातमी मराठीत येते आणि 'दे'चं सरळ 'ते' होतं. वाचकाला वाटतं, कोणी वडीलधारे गृहस्थ आहेत. इंग्रजीची किल्ली आपल्या कुलपाला लागत नाही, कारण इंग्रजीत लिंग फक्त तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनात उरलंय, आपल्याकडे ते क्रियापदापर्यंत पसरलंय. पण मराठीचं कुलूप वाटतं तितकं घट्टही नाही. 'त्यांनी कविता लिहिली', 'त्यांना पुरस्कार मिळाला', 'त्यांचं पुस्तक येतंय', 'त्या कार्यक्रमाला त्यांनी जावं' या वाक्यांत माणूस कोण ते अजिबात कळत नाही. 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' ही रूपं सगळ्यांना सारखी. 'उद्या येतील', 'रोज लिहितात' यांतही नाही. जरा सवयीचा लेखक पान-दोन पान असं लिहून जाईल आणि वाचणाऱ्याला कळणारही नाही की काही टाळलंय. अडतं ते 'ते आले' की 'त्या आल्या' इथे. तिथे मात्र बातमीदाराला फोन उचलावा लागेल. पलीकडून कोणी 'मी आत्ताच आलो' म्हणेल, कोणी 'आले' म्हणेल. एखादी व्यक्ती दोन्ही टाळून 'पोचतेय की पोचतोय ते तुम्हीच लिहा' असंही म्हणेल, आणि मग मराठी संपादकाला इंग्रजीतलं उत्तर उसनं न घेता स्वतःचं शोधावं लागेल.